नव्या पिढीचा प्रोसेसर : ठोके किती आणि काम किती?

सन २००६ च्या उत्तरार्धात संगणक विकत घ्यावयास दुकानात गेलेल्या गृहस्थापुढे एक चमत्कारिक कोडे उभे राहात असे. एका बाजूस पेंटियम ४ नावाचा प्रोसेसर बसविलेले यंत्र मांडलेले असे, आणि त्यावर ३ किंवा त्याहूनही अधिक गिगाहर्ट्झ असा आकडा ठळकपणे लिहिलेला असे. शेजारी नुकतेच आलेले कोअर २ ड्युओ असे, आणि त्याचा आकडा २.४, कधी कधी तर २ च्याही खाली. दुकानदार मात्र सांगे की, वेगवान हवे असेल तर हे कमी आकड्याचेच घ्या. गेली पंधरा-वीस वर्षे आकडा वाढला की वेग वाढला, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलेले. तेव्हा हा दुकानदार आपल्याला फसवतो तर नाही ना, अशी शंका पुष्कळांना आली असल्यास नवल नाही. दुकानदार खरे बोलत होता. तो खरे का बोलत होता, हाच आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हे कोडे केवळ जुन्या इतिहासातील नव्हे. २०२२ साली ते पुन्हा उभे राहिले, २०२४ साली आणखी एकदा. आणि दर खेपेस उत्तर थोडे निराळे आले. म्हणून आकडा बाजूला ठेवून आत काय घडते ते एकदा समजून घेतले पाहिजे.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष काम करणारा भाग. आपण पत्र टंकित करतो, बँकेचा हिशेब पाहतो, छायाचित्र उजळतो, त्या प्रत्येक कामाचे अखेरीस बारीक बारीक आज्ञांत रूपांतर होते. ही संख्या उचल, ती संख्या तीत मिळव, दोहोंची तुलना कर, मोठी असेल तर अमुक जागी जा. यापलीकडे फारसे काही त्या आज्ञांत नसते. या आज्ञा तालावर पार पाडल्या जातात. आत एक विद्युत्‌स्पंदन अखंड चालू असते, त्याचा एक ठोका म्हणजे एक मात्रा. गिगाहर्ट्झ हा शब्द या ठोक्यांचे मोजमाप आहे. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास १०० कोटी ठोके. ३ गिगाहर्ट्झच्या यंत्रात दोन ठोक्यांमध्ये इतका थोडा अवधी असतो की, तेवढ्यात प्रकाशाचा किरणसुद्धा दहा सेंटीमीटरच पुढे जातो!

१९७१ च्या नोव्हेंबरात इंटेल कंपनीने ४००४ हा आपला पहिला प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो सेकंदास साडेसात लाखांच्या आतबाहेर ठोके देई. १९९३ सालच्या पेंटियममध्ये ट्रान्झिस्टर ३१ लाख झाले आणि ठोके ६ कोटी ६० लाखांपर्यंत गेले. या पेंटियमच्या घडणीचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले, ही गोष्ट आपल्याकडील श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोनच दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. आणि २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. तेहेतीस वर्षांत ठोके पाच हजारपटींनी वाढले. अशा काळात वाढलेल्या माणसाने ठोके म्हणजेच वेग असे मानले, तर त्याला दोष कसा द्यावा?

परंतु ठोका म्हणजे काम नव्हे. एका सेकंदात झालेले काम हे दोन संख्यांचा गुणाकार असते : सेकंदास ठोके किती, आणि दर ठोक्यास पार पडणाऱ्या आज्ञा किती. पहिली संख्या खोक्यावर छापलेली असते, दुसरी कोठेच छापलेली नसते. समजा, एक प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झचा आहे आणि तो सरासरीने दर ठोक्यास एक आज्ञा पुरी करतो, दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा आहे, पण दर ठोक्यास दोन आज्ञा पुऱ्या करतो. पहिल्याचा गुणाकार ३.८, दुसऱ्याचा ४.८. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण दुकानातील कोड्याचे मर्म यात आले.

आता प्रश्न असा की, दर ठोक्यास होणारे काम कमी-जास्त का व्हावे? त्यासाठी आपण क्षणभर लग्नघरच्या मुदपाकखान्यात जाऊ.

पाचशे पानांच्या पंगतीला पोळ्या करावयाच्या आहेत. एकाच बाईने कणीक तिंबायची, गोळा करायचा, लाटायचा, भाजायचा, तूप लावायचे आणि मग दुसरी पोळी हाती घ्यायची, अशा रीतीने पंगत कधीच उठणार नाही. म्हणून कामाचे टप्पे पाडतात. एक गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते, चौथी तूप लावते. एका पोळीला लागणारा वेळ तेवढाच. पण प्रत्येक हात सतत चालू राहिल्यामुळे दर मात्रेला एक तयार पोळी परातीत पडते. प्रोसेसरमध्येही आज्ञांचे असेच टप्पे पाडलेले असतात. आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे, लागणाऱ्या संख्या गोळा करणे, प्रत्यक्ष गणित करणे, उत्तर ठेवणे, अशी ती मालिका असते.

टप्पे जितके अधिक पाडावे, तितके प्रत्येक टप्प्यातील काम लहान होते. आणि काम लहान झाले की ताल वाढविता येतो. इंटेलने नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आणला तो याच तत्त्वावर. आधीच्या पेंटियम ३ मध्ये सुमारे १० टप्पे होते, ते पेंटियम ४ मध्ये २० झाले. २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत तर ३१ झाले. ताल अर्थातच चढला, खोक्यावरचा आकडा देखणा झाला. परंतु पहिल्या दिवसांतच परीक्षकांच्या ध्यानात आले की, काही चाचण्यांत दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ हा एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्या मागे पडतो.

याचे कारण पुन्हा मुदपाकखान्यातच सापडते. पोळ्यांची रांग चालू असता पंगतीतून निरोप आला की, पोळ्या पुरे, आता पुऱ्या हव्यात! चारजणींची रांग असेल तर चार अर्ध्यामुर्ध्या पोळ्या वाया जातील. एकतीसजणींची रांग असेल तर एकतीस! संगणकाच्या आज्ञांत अशी वळणे फार असतात. अमुक संख्या मोठी असेल तर या वाटेने जा, नसेल तर त्या वाटेने, अशा धाटणीची आज्ञा दर पाच-सात आज्ञांमागे येते. वाट कोणती ते कळेपर्यंत रांग थांबवून ठेवणे परवडत नाही, म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाने पुढचे काम सुरू करतो. मागच्या वेळी काय झाले होते, हे लक्षात ठेवून बांधलेले हे अंदाज शंभरात नव्वदांहून अधिक वेळा बरोबर येतात. पण चुकला की सारी रांग रिकामी करून आरंभापासून भरावी लागते. रांग जितकी लांब, तितका चुकीचा दंड मोठा.

दुसरे कारण कोठीघराचे. लाटणारीच्या हाताशी पिठाचा डबा असतो, तो संपला तर कोठीघरात जावे लागते, तेथेही नसेल तर बाजारात. प्रोसेसरच्या अंगातच असा एक लहान, चपळ साठा असतो, त्याला कॅश म्हणतात. मुख्य स्मृती मात्र बाहेर, दूर असते. तेथून एखादी संख्या आणावयाची तर ३ गिगाहर्ट्झच्या यंत्राचे दोनशेच्या वर ठोके नुसत्या वाट पाहण्यात जातात. ताल दुप्पट केला म्हणून बाजार जवळ येत नाही. वाया जाणारे ठोके तेवढे दुप्पट होतात.

ग्राहकाच्या मनावर आकड्याचा पगडा किती होता, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. दर ठोक्यास अधिक काम करणारा प्रोसेसर एएमडीजवळ होता, पण त्याचा ताल कमी. तेव्हा ऑक्टोबर २००१ मध्ये त्या कंपनीने आपल्या अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरला १८००+ असे नाव दिले. त्याचा खरा ताल १.५३ गिगाहर्ट्झच होता. आकड्याशी लढावयाचे तर आकड्यानेच, असा हा व्यवहार!

परंतु तालाच्या या शर्यतीचा शेवट केला तो प्रतिस्पर्ध्याने नव्हे, उष्णतेने. तिचे गणित थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रोसेसरमध्ये जळणारी वीज तालाच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताल वाढवावयाचा तर दाबही वाढवावा लागतो. दोन्ही एक-पंचमांशाने वाढविले, तर १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे १.७३ असा हिशेब होतो. वेग वाढला वीस टक्के, उष्णता वाढली त्र्याहत्तर टक्के!

पूर्वी हे जाणवत नसे, कारण १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलेली एक सोय उपयोगी पडत होती. ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याचा विद्युद्दाबही उतरविता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. दर पिढीस ही सवलत जणू फुकट मिळे. २००० नंतर मात्र ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की, बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि दाब आणखी उतरविणे कठीण झाले. २००१ च्या फेब्रुवारीतच इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी तज्ज्ञांच्या परिषदेत इशारा दिला होता की, असेच चालू राहिले तर या चकत्यांतील उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या पंक्तीस जाऊन बसेल. एकतीस टप्प्यांचा पेंटियम ४ पाहिला म्हणजे हा इशारा वावगा नव्हता हे पटते. सव्वा चौरस सेंटीमीटरही नसलेल्या त्या चकतीतून शंभराहून अधिक वॅट उष्णता बाहेर काढावी लागे. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी चौरस सेंटीमीटरमागे सुमारे पाचच वॅट पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. २००४ च्या मे महिन्यात इंटेलने पेंटियम ४ च्या पुढच्या आवृत्तीची योजना सोडून दिली, आणि ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा नियोजित प्रोसेसरही रद्द केला.

मग नवी वाट सापडली कोठे? मोठ्या यंत्रांच्या कारखान्यात नव्हे, तर लहान यंत्रांच्या. इस्रायलमधील हायफा येथे इंटेलची एक तुकडी मांडीवर घेण्याच्या संगणकासाठी प्रोसेसर घडवीत होती. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला वीज जपून वापरावी लागते, म्हणून त्या तुकडीने आरंभापासूनच निराळा प्रश्न विचारला : ताल किती चढविता येईल असा नव्हे, तर एका ठोक्यात आणि एका वॅटमध्ये काम किती साधता येईल असा. २००३ च्या मार्चमध्ये आलेला पेंटियम एम हे त्याचे पहिले फळ. त्याच विचारातून वाढविलेला, मेजावरच्या संगणकासाठी सिद्ध झालेला प्रोसेसर म्हणजे २७ जुलै २००६ रोजी आलेला कोअर २ ड्युओ. काटकसरीच्या घरात वाढलेल्या मुलाने श्रीमंताघरचा डोलारा सावरावा, तसा हा प्रकार झाला.

त्याच्या रचनेत काय बदलले? एक, टप्प्यांची रांग ३१ वरून १४ वर आली, त्यामुळे अंदाज चुकल्याचा दंड निम्म्याहून कमी झाला. दोन, रांग आखूड झाली पण रुंद झाली. दर ठोक्यास तीनऐवजी चार आज्ञा हाती घेण्याची सोय झाली. तीन, ‘तुलना कर’ आणि ‘त्याप्रमाणे वळ’ अशा जोडीने येणाऱ्या आज्ञा एकत्र करून त्यांचे एकच काम मानले जाऊ लागले. चार, एका चकतीवर दोन गाभे बसले, म्हणजे एका मुदपाकखान्यात दोन चुली झाल्या. आणि दोन्ही चुलींना मिळून ४ मेगाबाइटपर्यंतचे एकच सामाईक कोठीघर मिळाले. त्याआधी २००५ साली आलेल्या पेंटियम डी मध्येही दोन गाभे होते, पण त्यांची कोठारे वेगळी होती, आणि एकमेकांशी बोलावयाचे तर दोघांनाही बाहेरच्या रस्त्यावर यावे लागे. पेंटियम डी च्या सर्वांत दांडग्या आवृत्तींसाठी १३० वॅटची सोय करावी लागे. कोअर २ ड्युओच्या बहुतेक आवृत्तींस ६५ वॅट पुरत. पेंटियम डी च्या तुलनेत काम चाळीस टक्के अधिक आणि वीज चाळीस टक्के कमी, असा कंपनीचा स्वतःचा दावा होता. कंपनीचे दावे नेहमी चिमूटभर मिठासह घ्यावेत हे खरे. पण या खेपेस स्वतंत्र परीक्षकांचे मतही फारसे वेगळे पडले नाही.

दोन गाभ्यांचा लाभ मघाच्याच हिशेबाने पाहू. ताल आणि दाब एक-पंचमांशाने उतरविले तर ०.८ चा घन ०.५१, म्हणजे उष्णता निम्मी. याचाच अर्थ असा की, एका धावणाऱ्या गाभ्याच्या उष्णतेत दोन चालणारे गाभे बसतात, आणि दोघांचे मिळून काम होते १.६ पट! हा सौदा उघडच फायद्याचा. मात्र एका अटीवर : काम दोघांत वाटता आले पाहिजे.

आणि येथेच खरी मेख आहे. पोळ्या दोन चुलींवर वाटून भाजता येतात. पण एका पातेल्यातला भात दोन चुलींवर ठेवून निम्म्या वेळात शिजत नाही. ही मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवून दिली होती. एखाद्या कामाचा एक-पंचमांश भाग वाटता न येण्याजोगा असेल, तर चार गाभ्यांनी ते अडीचपट वेगाने होईल, सोळा गाभ्यांनी चौपट, आणि हजार गाभे लावले तरी पाचपटीच्या वर जाणार नाही. तोपर्यंत प्रोग्राम लिहिणारा मनुष्य निश्चिंत असे. त्याने काहीच न करता दर दोन वर्षांनी नवे यंत्र येऊन त्याचा प्रोग्राम आपोआप वेगाने चालू लागे. २००६ नंतर हे बसून खाणे संपले. वेग हवा असेल तर कामाची वाटणी कशी करावयाची, याचा विचार त्याला स्वतःला करावा लागला. आमच्या मते त्या पिढीने घडविलेला सर्वांत मोठा बदल हाच होय. तो चकतीत घडला नाही, माणसांच्या कामात घडला.

पुढचा इतिहास याच तत्त्वांच्या फांद्या आहेत. एएमडीने २०११ साली पुन्हा उंच तालाच्या मोहात पडून बुलडोझर नावाची रचना केली, आणि दर ठोक्याच्या कामात ती मागे राहिली. त्या चुकीतून सावरून मार्च २०१७ मध्ये त्यांनी झेन रचनेवरचा रायझेन आणला. त्यापूर्वीच्या आपल्याच रचनेहून दर ठोक्यास ५२ टक्के अधिक काम, असे त्यांनी सांगितले. आणि आठ गाभ्यांचा प्रोसेसर ४९९ डॉलरला दिला. सर्वसाधारण गिऱ्हाइकासाठी चारच गाभे पुरेत अशा समजुतीवर कित्येक वर्षे थांबलेल्या बाजाराला त्यामुळे जाग आली, आणि त्याच वर्षी इंटेलनेही सहा गाभे दिले. स्पर्धेने गिऱ्हाइकाचे किती कल्याण होते, याचा हा नमुना आहे.

२०१९ च्या जुलैत त्याच कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. एकच मोठी चकती करण्याऐवजी लहान लहान चकत्या करून त्या एका पायावर जोडल्या. परातीएवढी एकच पुरणपोळी लाटली तर एका जागी फुटली की सारी वाया जाते. लहान लहान लाटल्या तर फुटलेली तेवढी बाजूला काढता येते. त्याशिवाय, जे भाग सूक्ष्म करण्याने लाभ होतो तेवढेच महागड्या ७ नॅनोमीटर पद्धतीने केले, आणि ये-जा सांभाळणारा भाग स्वस्त १२ नॅनोमीटर पद्धतीने. या काटकसरीमुळे सोळा गाभे घरगुती यंत्रात त्याच वर्षी येऊन पोहोचले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीत दोन जातींचे गाभे एकत्र नांदविले. आठ मोठे, ताकदीचे. आठ लहान, कमी विजेत काम करणारे. मुख्य आचाऱ्याने भाजी चिरीत बसू नये, तसेच हाताखालच्या पोऱ्याने बासुंदी आटवावयास घेऊ नये. कोणते काम कोणाकडे द्यावयाचे ते यंत्रावरील मूळ प्रणालीने ठरवावयाचे, आणि त्यासाठी प्रोसेसर स्वतः तिला सूचना देतो. येथेही लाभ वाटणीच्या शहाणपणावरच अवलंबून राहिला.

आता आरंभी सांगितलेल्या पुढच्या दोन कोड्यांकडे वळू. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने आपल्या एका आठ-गाभी प्रोसेसरवर कॅशचा आणखी एक थर चढविला. घराला जागा नाही म्हणून माडी बांधावी, तसा. कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइट झाली. माडीमुळे उष्णता बाहेर पडणे अवघड झाले, म्हणून कमाल ताल ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवावा लागला. तरीही पुष्कळशा खेळांत हा कमी तालाचा प्रोसेसर आपल्या थोरल्या भावाच्या पुढे गेला, कारण खेळांना बाजारात वारंवार जावे लागते आणि येथे कोठीघरच तिपटीने मोठे झाले होते. पण ज्या कामांना थोड्याच सामग्रीवर सतत गणित करावयाचे असते, त्यांत तो थोडा मागेच राहिला.

दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०२४ मधील इंटेलच्या नव्या पिढीचे. तिच्या सर्वांत वरच्या प्रोसेसरचा कमाल ताल ५.७ गिगाहर्ट्झ, तर आधीच्या पिढीचा ६. शिवाय एका मोठ्या गाभ्याने एकाच वेळी दोन कामांचे धागे धरण्याची जुनी युक्तीही या खेपेस काढून टाकली. २००६ चा अनुभव आठवून कोणी म्हणेल की, आकडा उतरला म्हणजे यंत्र नक्कीच वेगवान असणार. पण तसेही सरसकट झाले नाही. वाटता येणाऱ्या जड कामांत ते पुढे गेले आणि वीजही कमी जाळू लागले. परंतु कित्येक खेळांत ते मागच्या पिढीच्याही मागे पडले. त्याचे एक कारण असे की, गाभे एका तुकड्यावर आणि मुख्य स्मृतीचा कारभार दुसऱ्या तुकड्यावर अशी मांडणी केल्यामुळे बाजाराची वाट थोडी लांबली. तुकडे जोडण्याची जी युक्ती स्वस्ताई आणते, तीच कधी अंतर वाढविते. फुकट असे काहीच मिळत नाही.

या साऱ्याचे तात्पर्य काय? आकडा मोठा म्हणून यंत्र चांगले, हे खोटे. आणि आकडा लहान म्हणून चांगले, हेही खोटे. ‘कोणता प्रोसेसर वेगवान?’ हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या कामासाठी, आणि किती विजेत, हे जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. घरी पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास एवढेच करणाऱ्या कुटुंबाला सोळा गाभे म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाला सोळा चुली. तेथे तोच पैसा अधिक स्मृतीवर आणि चपळ साठवणीवर खर्चिला तर फरक रोज जाणवेल. चित्रपटांची जुळणी करणाऱ्याला गाभ्यांची संख्या उपयोगी पडते. पंख्याखाली दिवसभर चालू राहणाऱ्या शाळेतील किंवा कचेरीतील पन्नास यंत्रांचा विचार करणाऱ्याने तर वॅटचा रकाना आधी पाहावा. कारण किंमत एकदाच द्यावी लागते, विजेचे बिल दरमहा येते. शाळेच्या किंवा संस्थेच्या खरेदी समितीत बसणाऱ्या मंडळींनी नुसते ‘अमुक गिगाहर्ट्झहून कमी नको’ असे लिहून ठेवले, तर २००६ साली त्यांच्या पदरी जुनेच, तापट आणि मंद यंत्र पडले असते, हे त्यांनी विसरू नये.

परीक्षा घेण्याची रीत साधी आहे. आपले नेहमीचे काम कोणते ते ठरवावे, तेच काम त्या यंत्रावर करून पाहावे किंवा कोणा तटस्थ परीक्षकाने ते करून काढलेला वेळ पाहावा, आणि घड्याळ आपल्या हातातले लावावे, यंत्राच्या पोटातले नव्हे. मुदपाकखान्यात लाटण्याचा खडखडाट किती झाला हे कोणी मोजीत नाही. पंगत वेळेवर उठली की नाही, एवढेच यजमान पाहतो.